जिनावरचा जावई

सोयरीक जुळवताना खोटं बोललं तर पाप लागतं, अर्धं बोललं तर लागत नाही, असा आपल्याकडचा जुना कायदा आहे. त्या कायद्याचे नामांकित वकील म्हणजे सांगोल्याकडचे कोंडीबा. पुतण्या बिरप्पासाठी मुलगी बघायला ते गेले, तेव्हा मुलीच्या बापानं, सिद्धाप्पानं, बसायला घोंगडं अंथरायच्या आतच सवाल टाकला. "पोरगा सोलापुरात करतो काय?"

कोंडीबांनी तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली. "जिनावर हाय."

"जिनावर?"

"व्हय की. सायबाचा हात हाय पाठीवर. त्येच्याबिगर जिनाचं पान हालत न्हाय."

झालं. सिद्धाप्पाच्या डोळ्यांपुढं पत्र्याची भली थोरली शेड उभी राहिली. कापसाचे ढीग, सरकी वेगळी काढणारी धडधडती चाकं आणि त्या चाकांपाशी कमरेवर हात ठेवून उभा असलेला जावई. सोलापूर म्हणजे कापसाचं गाव. तिथं जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जिन नावाची साहेब लोकांची एक दारूही असते, दिसायला पाण्यासारखी, आणि बिरप्पा रेल्वे लाईन्समधल्या एका बंगल्यावर तीच लिंबू पिळून साहेबाच्या हातात देतो, हे कोंडीबा बोलले नाहीत. आणि का बोलावं? विचारलं कुणी?

सिद्धाप्पाच्या जागी दुसरा कुणी असता तर हे खपूनही गेलं असतं. पण या माणसाचा थोरला भाऊ दारूनं नेला होता. भावानं आधी मेंढरांचा कळप पिऊन टाकला, मग बायकोचे डागिने, शेवटी अंगावरचं घोंगडंसुद्धा गुत्त्यावर ठेवून आला आणि थंडीच्या दिवसांत बाभळीखाली मरून पडला. सिद्धाप्पानं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलला तो तेव्हा. ज्या घराला दारू शिवली, त्या घरात माझी लेक राहणार नाही. देवळात घेतलेल्या शपथा पुष्कळ जण देवळातच ठेवून येतात. सिद्धाप्पानं ही घरी आणली. थोरली लेक केराबाई, तिचा नवरा एकदा झुलत घरी आला. कुणकुण लागताच सिद्धाप्पानं गाडी जुंपली आणि लेकीला भांड्याकुंड्यांसकट उचलून आणलं. ती केराबाई आजही माहेरी मेंढरं राखत होती.

हे सगळं बिरप्पाला कळलं ते लग्नाच्या मांडवात, अंगाला हळद लागल्यावर. कुणीतरी नात्यातल्या म्हाताऱ्यानं कौतुकानं सांगितलं आणि वर पाठीवर थाप मारली, "पर तुला काय भ्या न्हाय. तू जिनावरचा माणूस."

तेव्हापासून बिरप्पाच्या बुडाला भिंगरी लागली.

तसा तो मुळात चुळबुळ्या नव्हता. दुष्काळाच्या साली हा धनगराचा पोर चार शेळ्या घेऊन सोलापुरात आला. पिल्किंग्टन नावाचा रेल्वेचा साहेब होता, त्याला सारे पिलकीसाहेब म्हणत. त्याच्या मडमेचं पोट नाजूक. तिला शेळीचं दूध सोसायचं. बिरप्पा बंगल्यामागं शेळ्या बांधून राहिला. पुढं मडम विलायतेला निघून गेली. का गेली, याबद्दल भवानी पेठेत अनेक कथा चालू होत्या आणि सगळ्या ऐकण्यासारख्या होत्या, पण त्यांत शिरलं तर बिरप्पा राहून जाईल. मडम गेली, शेळ्या गेल्या, बिरप्पा राहिला.

संध्याकाळी व्हरांड्यात साहेबाला जिन लागायची. बंगल्यावरचा कुक लिंबू असं पिळायचा, जणू धुणं पिळतोय. साल मोडायची, कडू तेल उतरायचं, साहेब तोंड वाकडं करायचा. एक दिवस कुक आडवा होता (कशानं, ते सांगायला नको) आणि लिंबू बिरप्पाच्या हातात आलं. त्याला पिळणं माहीतच नव्हतं. त्यानं अंगठा आणि दोन बोटं लावून शेळीची धार काढतात तशी लिंबाची धार काढली. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. साल शाबूत, रस निर्मळ. साहेबानं घोट घेतला, ग्लासाकडं बघितलं, बिरप्पाकडं बघितलं. त्या दिवसापासून तो जनावरावरचा जिनावर गेला. स्वतः मात्र एक थेंब कधी चाखला नाही. वासावर काम करायचा. म्हणायचा, "दूध नासलं का न्हाय ते पिऊनच कळतं व्हय?"

तर असा हा माणूस. लग्न होऊन तानाबाई भवानी पेठेतल्या त्याच्या खोलीत नांदायला आली आणि रोजची कसरत सुरू झाली. बिरप्पानं ठरवलं होतं, बायकोशी खोटं बोलायचं नाही. बोललाही नाही. हीच तर पंचाईत होती.

"अवं, तुमच्या हाताला रोज लिंबाचा वास कसा?"

"जिनाला लिंबू लागतं."

"अमावास्येला लागतं, म्हाईत हाय. दृष्ट काढाया. पर रोज?"

"सायबाचा जिन हाय. लिंबाबिगर चालत न्हाय."

तानाबाईला अभिमान वाटला. रोज दृष्ट काढावी लागते म्हणजे यंत्र केवढं देखणं असेल. तिनं ते पाणवठ्यावर सांगितलं. शेजारच्या गौरम्माचा नवरा खऱ्याखुऱ्या जिनात कामाला होता. ती म्हणाली, "आमच्या जिनाला वर्साला एक लिंबू. खंडेनवमीला. त्येबी वाळकं."

"तुमचा जिन गरीब असंल," तानाबाई म्हणाली आणि घागर उचलून चालू लागली.

हे बोलणं तिनं घरी हसत हसत सांगितलं, तेव्हा बिरप्पा जेवता जेवता उठला. दारापर्यंत गेला, बाहेर कुणी नसताना बाहेर बघितलं, परत येऊन बसला, पुन्हा उठला. त्याचं असंच व्हायला लागलं होतं. गल्लीत कुणी कापसाचा भाव काढला की याच्या पायाखाली निखारा. गौरम्माचा नवरा समोरून आला की हा बोळात. आज सांगू, असं म्हणून कितीदा तरी त्यानं तोंड उघडलं, पण नेमकं तेव्हाच तानाबाई म्हणायची, "केराक्काचं बरं झालं बघा. आबांनी वेळंवर आणलं तिला." मग याचं तोंड मिटायचं आणि पाय चालू लागायचे. येरझाऱ्यांनी खोलीतलं सारवण दाराजवळ झिजलं. तानाबाई सारवायची आणि म्हणायची, "जिनावर दिसभर उभं ऱ्हाता, घरी तरी टेका की."

आणि मग चैत्रातला तो शनिवार आला.

रविवारी दुपारी पिलकीसाहेबाकडं मुंबईचा बडा साहेब जेवायला यायचा होता. पिलकीसाहेबानं बिरप्पाला बोलावलं. "बिरापा, लिंबू सोडा सब लोग देता है. कुछ नया बनाओ. एकदम ठंडा." करून बघायला अर्धी बाटली दिली आणि वर सांगितलं, घरी नेऊन बनव. कारण बंगल्यात काही करून बघायचं म्हटलं की कुक चव बघायला यायचा, आणि चव लक्षात राहत नाही म्हणून पुन्हा पुन्हा बघायचा.

बिरप्पानं बाटली पंच्यात गुंडाळली, काखेत मारली आणि बोळाबोळानं घरी आला. तानाबाई धुणं घेऊन तळ्यावर गेलेली. तेवढाच वेळ होता. करून बघायचं, बाटली परत काखेत, आणि पसार.

येताना त्यानं कागदी लिंबं घेतली होती आणि एक ईडलिंबू. ईडलिंबाचा बिरप्पाला फार भरवसा. दिसायला खरबरीत, बेढब, लोणच्याशिवाय कुणी विचारत नाही, पण सालीला असा वास की खोलीतल्या माश्यासुद्धा थबकतात. खडीसाखरेचे खडे त्यानं त्या सालीवर घासले. घासता घासता खडे पिवळे झाले, वास सगळा साखरेत उतरला. ती साखर ऊन पाण्यात विरघळवली, पातळ पाक केला, फडक्यातून गाळला आणि निवायला ठेवला. मग कागदी लिंबांची धार. दाबायचं, सोडायचं. पितळेच्या भांड्यात लिंबू कळकलं असतं, म्हणून तानाबाईची चिनी मातीची लोणच्याची बरणी रिकामी सापडली ती घेतली. त्यात पाक, रस, लिंबाचं एक पान चुरडून, मिठाची कणी आणि सगळ्यांवर जिन. ढवळलं. नाक खाली नेलं. ओल्या देवदाराच्या फळीसारखा जिनचा वास आणि त्यावर ईडलिंबू. जमलं होतं. पण गार नव्हतं, आणि त्यात फुटणारा सोडा नव्हता. बरणीला ओलं फडकं गुंडाळून त्यानं ती खिडकीतल्या झळेला ठेवली, बाटली सरपणाच्या मागं खुपसली आणि बर्फ नि गोटी सोडा आणायला धावला. निघाल्यावर त्याला आठवलं की दार नुसतं लोटलं आहे. परत फिरला, पुन्हा थांबला. बर्फाच्या वखारीला पुढं कुलूप लागलं तर? तसाच पळाला.

तिकडं तानाबाई तळ्यावरून परतली, तर बोळाच्या तोंडाशी खांद्यावर पोतं टाकून, घामानं निथळत सिद्धाप्पा उभा. गावच्या गाड्यांबरोबर आला होता. पाय फुफाट्यानं पांढरे.

"आबा, सांगावा न्हाय, काय न्हाय?"

"आधी पानी दे, तानू. जीभ टाळूला लागलीया."

घरात येऊन तिनं माठाला हात घातला आणि खिडकीतली बरणी दिसली. फडकं काढलं. लिंबाचं सरबत. नवऱ्यानं आपल्यासाठी करून ठेवलेलं असणार, नाहीतर कुणासाठी? वास घेतला तर ओळखीचा. नवऱ्याच्या सदऱ्याला रोज येतो तोच, जिनाचा. दारूचा वास तिला न कळायला ती काही शहरातली नव्हती. पण तिला ठाऊक होती ती गुळाची आणि मोहाची, नाकात काठी घालणारी. हिच्यात तसलं काही नव्हतं. तिनं पेला भरून बापापुढं ठेवला. बापानं तो एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि पेला पुढं केला.

बिरप्पा भुशाच्या पोत्यात बर्फ, काखेत सोड्याच्या बाटल्या, अशा अवतारात दारात आला तेव्हा सिद्धाप्पाचा दुसरा पेला संपत आला होता. पटका काढून ठेवला होता. पाठ भिंतीला टेकली होती. जन्मात कुणी त्याला भिंतीला टेकून बसलेलं बघितलं नव्हतं.

"या, या, जावईबापू. बर्फबी आनला? माझ्यासाटनं? अगं तानू, बघ, कसा घामाघूम झालाय."

बिरप्पानं बर्फ खाली ठेवला. उचलला. कोपऱ्यात नेला. तिथून पुन्हा मधोमध आणला. "मामा, कवा आलात?"

"आत्ताच की. तुमचं सोलापूरचं लिंबू लई गुणाचं. गुडघ्याची कळ गेली बघ. हे काय, हलवून दावतो." आणि त्यानं पाय लांब करून खरोखर हलवून दाखवला. तानाबाई तोंडावर पदर घेऊन हसली. बाप इतका मोकळा तिनं कधी बघितला नव्हता.

"बसा की एका जागी," ती नवऱ्याला म्हणाली. "आबा तुमच्यासाटनं आल्यात."

सिद्धाप्पानं पोतं पुढं ओढलं. आत कापूस होता. "औंदा पैल्यांदाच लावला. गावात समद्यांना सांगितलंय, माझ्या जावयाच्या जिनात घालणार. उद्या सकाळी चला. जिन दावा मला. मी तितं उभा ऱ्हाऊन बघणार, तुमचा हात कसा चालतोय."

बिरप्पा दारापर्यंत गेला, परत आला. उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. उद्या रविवार, जिन बंद. सोमवारी गौरम्माच्या नवऱ्याच्या हातापाया पडून पोतं तिकडं घालायचं. अर्ध्या बोलण्याची त्याला आता इतकी सवय झाली होती की शब्द आपोआप जिभेवर येऊन बसले.

पण सिद्धाप्पानं रिकामा पेला त्याच्यापुढं धरला. "आनखी वाईच घाला, जावईबापू. बर्फ घालून. तुमच्या हातानं."

आत्तापर्यंत घडलं ते नकळत घडलं होतं. आता ओतली तर जाणूनबुजून. भंडारा उचललेल्या माणसाची शपथ, जावयानं, आपल्या हातानं बुडवायची. बिरप्पानं बरणी उचलली, पेल्याच्या काठापर्यंत नेली. त्यानं बरणी ठेवून दिली. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तो एका जागी उभा राहिला.

"मामा, जिन तुमच्या हातात हाय."

सिद्धाप्पानं पेल्यात बघितलं. मग पेला उचलून बुडाशी बघितलं. "हितं? सरकी कुटं हाय?"

"सरकी न्हाय, मामा. सायबाची दारू हाय. तिलाबी जिनच म्हणत्यात. मी तिच्यावर हाय. सायबाला लिंबू पिळून देतो. कापसाच्या जिनात मी पाऊलबी टाकलं न्हाय."

सिद्धाप्पानं आपला तळवा नाकाशी नेला, हुंगला. "मला दारूचा वास चार कोसांवरनं येतो."

"ही तसल्या वासाची न्हाय."

"तू पितोस?"

"एक थेंब न्हाय. बिरोबाची आन."

म्हातारा भिंतीला धरून उठला. गुडघे त्याच्या मताचे नव्हते, तरी उठला. चेहऱ्यावरचं हसू कुठच्या कुठं गेलं होतं. "तानू, लुगडी बांध. गाड्या सुटायच्या आत निघायचं."

तानाबाई नवऱ्याकडं बघत होती. खुंटीवरचं लुगडं तिनं ओढलं, घडी घातली, दुसरं ओढलं. बिरप्पा खांबासारखा उभा. मग घडी घालता घालता तिचा हात थांबला.

"आबा, कुणाच्या घरी जायाचं?"

"कुणाच्या म्हंजी? माझ्या."

"तुमच्या घराला दारू शिवली न्हाय?"

"माझ्या घराला?"

"तुमाला शिवली की. आत्ताच. दोन पेलं. ह्येंनी तर चाकलीबी न्हाय." तिनं लुगडं खाली ठेवलं. "शपथ पाळायची म्हनलं तर मला हितं जागा न्हाय आन् तुमच्याकडंबी न्हाय. केराक्कालाबी बाहीर काढावं लागंल. आमी दोगी भैनी बिरोबाच्या देवळात जाऊन बसतो. तुमीच घालून या."

आयुष्यभर ती शपथ सिद्धाप्पाच्या हातातली काठी होती. आज ती उलटी फिरून त्याच्याच पाठीत बसली होती. बसायला जागा शोधत तो कापसाच्या पोत्यावर बसला. पोतं मऊ, पोटात दोन पेले, वर चैत्राची दुपार. रागावलेल्या माणसानं इतक्या मऊ जागी बसू नये. विचार करता करता त्याची मान कलली आणि तो घोरू लागला.

बिरप्पाला वाटलं, सुटलो. तो हळूच म्हणाला, "तानू, तू हाईस म्हणून..."

"गप बसा. आबांना अडीवलं म्हणून तुमची सुटका झाली न्हाय." ती खालच्या आवाजात बोलत होती, बाप उठू नये म्हणून. "रोज दृष्ट काढत हुता न्हवं यंत्राची? मी पानवठ्यावर गौरम्माशी भांडले त्या यंत्रापायी. आता माझ्या म्हायेरच्या अंगणात उभं ऱ्हायाचं, समद्या भावकीम्होरं, आन् सांगायचं. सरकी येगळी, कापूस येगळा. अर्धं बोललात तर मी तितंच ऱ्हानार."

सिद्धाप्पा संध्याकाळी जागा झाला, घरातल्या पाण्याला न शिवता पोतं उचललं आणि तसाच निघून गेला. बरणीत उरलेल्या सरबतात पाणी वाढवून बिरप्पानं रविवार कसाबसा पार पाडला. बडा साहेब खूश झाला म्हणतात. बिरप्पाला त्यातलं काही आठवत नाही. त्याचं ध्यान सासुरवाडीच्या वाटेवर होतं.

पंधरवड्याच्या आत नवराबायको सिद्धाप्पाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. भावकी जमली होती. कोंडीबाही आले होते, शक्यतो मागं, कडुलिंबाच्या झाडाआड. बिरप्पानं टोपी काढली आणि सांगून टाकलं. कुठं कामाला आहे, काय करतो, कुणाला देतो, आणि लग्नात जे बोललं गेलं ते काय होतं. एक शब्द गिळला नाही. बायाबापड्यांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, "शिव शिव." झाडाआडून कोंडीबा म्हणाले, "मी जिनच म्हनलो हुतो."

सगळे सिद्धाप्पाकडं बघू लागले. केराबाई उंबऱ्याशी उभी होती, तिचेही डोळे बापावर. तानाबाईचं गाठोडं अजून गाडीतून उतरलं नव्हतं. ते उतरणार की गाडीतच राहून परत सोलापूरला जाणार, हे आता म्हाताऱ्याच्या तोंडात होतं.

सिद्धाप्पा उठला. घसा साफ केला. "ऐकलं समद्यांनी. जावई सायबाच्या घरी दारू वाढतो. पीत न्हाय. त्येचा हात निर्मळ हाय, मी खात्री केलीया. लेक नांदंल त्येच्या घरी."

भावकीतल्या एका खवचट म्हाताऱ्यानं विचारलं, "खात्री कशी केली, सिद्धाप्पा?"

सिद्धाप्पानं त्याच्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, वाघराच्या जाळीत कोंडलेल्या मेंढरांकडं बघितलं. "कोकरं पाजायची येळ झाली," तो म्हणाला आणि तरातरा वाघराकडं निघाला. उंबऱ्याशी केराबाईनं तोंडात पदर कोंबला, तरी तिचे खांदे हलत होते. बिरप्पा सासऱ्याच्या पाठीमागं दोन पावलं गेला, तसं म्हाताऱ्यानं मागं न बघता हाक मारली, "या की, जावईबापू. दोन हात आनखी लागत्यात हितं."

तानाबाईनं गाडीतलं गाठोडं तसंच राहू दिलं.